एका ओळीत कोण बसलंय?

प्रबंध लिहिणाऱ्याचा सांख्यिकीबद्दलचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला असतो: "डेटा गोळा झालाय, आता कोणती टेस्ट लावू?" यातलं 'लावू' मोठं बोलकं आहे. मलम लावावं, कुलूप लावावं, तशी टेस्ट, म्हणजे दिसलेला फरक खरा की योगायोगाचा हे पडताळणारं गणित, लावायची. असं लावून देणारे तक्तेही भरपूर मिळतात. दोन गटांच्या सरासऱ्या ताडायच्या असल्या की टी टेस्ट, तीन गट झाले की अनोव्हा, मोजमापाऐवजी नुसती गणती असली की काय-स्क्वेअर, आणि डेटा 'नॉर्मल' नसला, म्हणजे त्याचा आलेख मधोमध उंच अशा घंटेसारखा नसला, की मान-व्हिटनी. हे तक्ते चुकीचे नसतात. फक्त त्यांच्या पहिल्या चौकटीत पाय ठेवण्याआधी जे विचारायला हवं, ते त्यांत कुठेच नसतं.

ते असं: तुमच्या शीटमधल्या एका ओळीत कोण बसलंय?

एक माणूस? की त्या माणसाची एक भेट? एक झाड, की झाडाचं एक पान? एक विद्यार्थी, की अख्खा वर्ग? प्रश्न इतका बाळबोध वाटतो की विचारायलाही संकोच होतो, आणि नेमकी तिथेच गडबड होऊन बसते. पुढे टेस्ट कितीही नीट चालवली तरी ती निस्तरत नाही. सुबक टेबलाखाली झाकली मात्र जाते.

समजा, सहा कुंड्या घेतल्या. तीन कुंड्यांत खत घातलं, तीन तशाच ठेवल्या. महिन्याने प्रत्येक कुंडीतल्या रोपाची दहा-दहा पानं मोजली. शीटमध्ये ६० ओळी झाल्या, इकडे ३० आणि तिकडे ३०. टी टेस्ट चालवली, डिग्रीज ऑफ फ्रीडम (ढोबळमानाने, हिशेबात धरलेले स्वतंत्र आकडे) ५८, पी (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) बारीकसा आला, आनंदीआनंद. पण खत पानाला घातलं नव्हतं, कुंडीला घातलं होतं. एका रोपाची दहा पानं म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, एकाच घरातली दहा माणसं आहेत. घराला ऊन जास्त मिळालं तर दहाही जणांना मिळतं. इथे खरा नमुना तीन विरुद्ध तीन इतकाच आहे. डिग्रीज ऑफ फ्रीडम ४, आणि टी, म्हणजे टेस्टमधून निघणारा आकडा, याला 'फरक आहे' म्हणण्यासाठी जी रेषा ओलांडावी लागते ती २.०० वरून थेट २.७८ वर जाते. उपाय अवघड नाही. प्रत्येक कुंडीची सरासरी काढा आणि त्या सहा आकड्यांवर टेस्ट करा, किंवा ६०च्या ६० ओळी ठेवून कुंडीला रँडम इफेक्ट मानणारं, म्हणजे कुंड्याकुंड्यांमधला फरक वेगळा मोजणारं, मिक्स्ड मॉडेल वापरा. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन', म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असं नाव दिलं. चुकीला नाव मिळालं म्हणून ती थांबली नाही, एवढंच.

शिक्षणशास्त्रातल्या प्रबंधात हीच कुंडी वर्गाच्या रूपात येते. एका वर्गाला नव्या पद्धतीने शिकवलं, दुसऱ्याला जुन्या, दोन्हीकडे साठ-साठ मुलं. शिकवण्याची पद्धत वर्गाला मिळाली, तेव्हा काटेकोरपणे पाहिलं तर हा एक विरुद्ध एक असा प्रयोग आहे. शिक्षक वेगळा, तासाची वेळ वेगळी, वर्गातलं वातावरण वेगळं, आणि हे सगळं पद्धतीशी असं चिकटलेलं की कुठलीही टेस्ट ते सोडवू शकत नाही. इथे सांख्यिकीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवण्यापेक्षा मर्यादांच्या प्रकरणात हे सरळ लिहावं. परीक्षकाने विचारण्याआधी आपण लिहिलेलं केव्हाही बरं दिसतं.

ओळीचा दुसरा घोटाळा जोडीचा. तीच माणसं आधी आणि नंतर मोजली असतील, तर ते दोन गट नाहीत. तो एकच गट आहे, दोनदा मोजलेला. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात चुकतो. याचं कारण बरेचदा शीटच्या मांडणीत असतं: 'आधी'चे गुण वर, 'नंतर'चे त्याच कॉलममध्ये खाली, शेजारी १ आणि २ असा गट-क्रमांक. अशी मांडणी समोर आली की सॉफ्टवेअरचा मेनू आपोआप इंडिपेंडंट, म्हणजे दोन वेगळ्या गटांच्या, टी टेस्टकडे नेतो.

फरक किती पडतो ते आठ मुलांवर बघू. आधीचे गुण: १२, १५, ९, १८, १४, ११, १६, १३. नंतरचे, त्याच क्रमाने: १४, १७, १०, २१, १५, १३, १८, १६. सरासरी १३.५ वरून १५.५ वर गेली. हे दोन वेगळे गट समजून टेस्ट केली तर टी येतो १.२८, डिग्रीज ऑफ फ्रीडम १४, पी ०.२० च्याही वर. म्हणजे 'फरक आढळला नाही'. आता प्रत्येक मुलाचा फरक काढा: २, २, १, ३, १, २, २, ३. आठही मुलं पुढे गेली आहेत, एकही मागे नाही. या फरकांची सरासरी २, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ०.७६, स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) ०.२७. टी येतो ७.४८, डिग्रीज ऑफ फ्रीडम ७, पी ०.००१ पेक्षा कमी. तेच सोळा आकडे आणि दोन टोकांचे निष्कर्ष. पहिल्या गणितात मुलामुलांमधला फरक, म्हणजे कुणी ९ वर तर कुणी १८ वर, हा सगळा गोंगाट म्हणून मोजला गेला. दुसऱ्यात प्रत्येक मूल स्वतःशीच ताडलं गेलं आणि तो गोंगाट बाजूला झाला. म्हणून जोडीच्या डेटात एका ओळीत एक मूल आणि शेजारी 'आधी', 'नंतर' असे दोन कॉलम ठेवावेत. एक्सेलच्या टी टेस्ट फंक्शनमध्ये शेवटचा आकडा टेस्टचा प्रकार सांगतो. १ म्हणजे जोडीची, २ म्हणजे दोन्ही गटांत समान व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) मानणारी, ३ म्हणजे न मानणारी. तिथे १ ऐवजी २ पडला की वरचा अख्खा घोळ एका कळीवर होतो.

जाता जाता, ही टेस्ट ज्यांची, ते विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होते. त्यांचा लेख १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापून आला. प्रश्न अगदी व्यवहारातला होता: बार्लीचे किंवा मद्याचे चार-सहाच नमुने हाताशी असताना निष्कर्ष कसा काढायचा? 'नमुना ३० पेक्षा कमी आहे, टी टेस्ट चालणार नाही' असं सांगणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. टी टेस्ट जन्मालाच आली ती लहान नमुन्यांसाठी.

ओळ ठरली की कॉलमकडे वळायचं. इथे सल्ला एकच, पण तो डेटा गोळा करण्याआधी ऐकावा लागतो: जे आकड्यात मोजता येतं ते आकड्यातच घ्या. प्रश्नावलीत वय '१८ ते २५, २६ ते ३५' असं गटांत विचारलं की आतले खरे आकडे कायमचे गेले. वर्षांत विचारलं तर गट पुढे कधीही पाडता येतात. उत्पन्न, कामाचे तास, झोपेचे तास, सगळ्यांना हेच लागू. शिवाय गट पाडल्याने माहिती घटते आणि त्याच निष्कर्षासाठी नमुना मोठा लागतो, तो भुर्दंड वेगळाच.

कॉलममध्ये काय काय दडून बसतं याची यादी मोठी आहे. एक नमुना पुरे. उत्तर दिलं नसेल तिथे ९९९ टाकायची जुनी पद्धत आहे. १२० जणांपैकी चौघांनी वय लिहिलं नाही, बाकीच्या ११६ जणांचं सरासरी वय २१. ते चार ९९९ 'मिसिंग' म्हणून सॉफ्टवेअरला सांगायचे राहिले, तर सरासरी वय निघतं ५३.६. कॉलेजातल्या मुलांचं सरासरी वय त्रेपन्न आलं की कुणीही दचकेल आणि चूक सापडेल. धोका त्या कॉलमचा नाही. धोका १ ते ५ च्या प्रश्नातल्या ९ चा आहे. तिथे चार-पाच नवांनी सरासरी ३.१ ची ३.३ होते, कुणी दचकत नाही, आणि तो आकडा प्रबंधात छापला जातो. म्हणून कुठलीही टेस्ट करण्याआधी प्रत्येक कॉलमचा किमान आणि कमाल आकडा बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे. शब्दांच्या कॉलममध्ये कोणकोणती वेगवेगळी मूल्यं आहेत ते मोजायचं: 'हो', 'होय' आणि शेवटी स्पेस राहिलेलं 'हो ' हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे गट असतात. आणि एक्सेलमध्ये '५-१०' असा वयोगट टाईप केला की त्याची तारीख होऊन बसते. एक्सेलच्या या खोडीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही जनुकांची नावंच बदलली. तेव्हा आपल्या वयोगटाचं काय घेऊन बसलात.

लायकर्ट स्केलवरून होणारी भांडणं मात्र थोडी थांबून बघण्यासारखी आहेत. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये ही पद्धत मांडली ती अनेक विधानांची बेरीज करण्यासाठी. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' हा एक प्रश्न म्हणजे स्केल नव्हे. दहा प्रश्न मिळून एक स्केल. एकट्या प्रश्नाची उत्तरं क्रमवाचक असतात. ४ आणि ५ मधलं अंतर २ आणि ३ मधल्या अंतराएवढंच आहे, असं कुणी मोजून दाखवलेलं नसतं. अशा एकट्या प्रश्नासाठी कोणत्या पर्यायाला किती टक्के, हे सांगावं, आणि तुलना करायचीच तर क्रमांवर आधारलेली टेस्ट वापरावी. आठ-दहा प्रश्नांच्या बेरजेवर टी टेस्ट किंवा रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं समीकरण) चालवायला मात्र हरकत नसते. बेरीज करण्याआधी उलट्या प्रश्नांची उत्तरं पालटून घ्यायची. 'मला परीक्षेची भीती वाटते' आणि 'परीक्षेच्या वेळी मी शांत असतो' यांची सरळ बेरीज केली तर दोघं एकमेकांना खातात. हे राहून गेलंय का ते ओळखायची खूण म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा, स्केलमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. तो अगदी कमी आला, किंवा उणे आला, तर प्रश्नावली टाकाऊ आहे असं ठरवण्याआधी पालटायचे प्रश्न तपासा. बहुतेक वेळा तिथेच पाणी मुरत असतं. पाच गुणांच्या स्केलवर पालटायचं सूत्र ६ वजा मूळ उत्तर.

आता त्या 'नॉर्मल'कडे. प्रबंधांमध्ये याचा एक ठरलेला विधी दिसतो. प्रत्येक कॉलमवर शापिरो-विल्क ही नॉर्मलपणा तपासणारी टेस्ट चालवायची, पी ०.०५ च्या खाली आला की 'डेटा नॉर्मल नाही' असा शेरा मारायचा आणि नॉन-पॅरामेट्रिक, म्हणजे नॉर्मलची अट नसलेल्या, टेस्टच्या वाटेला लागायचं. या विधीत दोन गोष्टी उलट्या आहेत. एक, टी टेस्ट, अनोव्हा किंवा रिग्रेशन हे कॉलम नॉर्मल असण्याची अट घालतच नाहीत. अट असते ती रेसिड्युअल्सची, म्हणजे मॉडेलने सांगितलेलं मूल्य वजा केल्यावर जे उरतं त्याची. दोन गटांच्या सरासऱ्या खरोखर दूर असतील, तर सगळ्यांचा मिळून हिस्टोग्राम दोन उंचवट्यांचा दिसणारच. तो नॉर्मल नाही ही तक्रार नव्हे, तोच तर आपला निष्कर्ष. दोन, शापिरो-विल्क ही स्वतःच एक टेस्ट आहे, आणि तिची ताकद नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते. दहा-बारा ओळींवर ती मोठा वाकडेपणाही सोडून देते, पाचशे ओळींवर नखाएवढ्या फरकाला पकडते. म्हणजे जिथे काळजी करायला हवी तिथे गप्प आणि जिथे गरज नाही तिथे आरडाओरडा. त्यापेक्षा रेसिड्युअल्सचा क्यू-क्यू प्लॉट (नॉर्मल असते तर ठिपके ज्या रेषेवर पडले असते तिच्याशी ताडणारा आलेख) काढा आणि डोळ्यांनी बघा. ठिपके रेषेच्या आसपास असतील तर पुढे चला. एक-दोन ठिपके टोकाला उडालेले असतील तर आधी त्या ओळी उघडून बघा. एखाद्याची उंची १७० ऐवजी १७०० पडलेली असते.

डोळ्यांवर विश्वास ठेवा हे सांगण्यामागे भक्कम आधार आहे. फ्रान्सिस अॅन्सकोम यांनी १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट दाखवले, प्रत्येकी ११ जोड्यांचे. चारही ठिकाणी सरासऱ्या, व्हेरियन्स, रिग्रेशनची रेषा जवळपास तीच, सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात ते) ०.८२. आलेख काढले की एक साधा ढग, एक कमान, एक सरळ रेषा आणि तिच्यापासून भरकटलेला एक ठिपका, आणि चौथ्यात सगळा सहसंबंध एकट्या ठिपक्याच्या जिवावर उभा. सहसंबंधाचं टेबल छापण्याआधी स्कॅटर प्लॉट न काढणं याला दुसरा शब्द नाही, आळसच म्हणायचं.

मान-व्हिटनीबद्दलही एक गैरसमज घट्ट बसला आहे: ती मीडियनची, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची, तुलना करते असा. दोन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखा असेल तरच तसं म्हणता येतं. एरवी ती विचारते की एका गटातलं कुणीही उचललं आणि दुसऱ्यातलं कुणीही उचललं, तर पहिल्याचा आकडा मोठा निघण्याकडे कल आहे का. दोन्ही मीडियन सारखे असूनही ती 'सिग्निफिकंट' (पी ०.०५ च्या खाली) येऊ शकते. असा निकाल आला की विद्यार्थी गोंधळतो आणि टेबलातला मीडियन पुन्हा पुन्हा तपासत बसतो. आकडा बरोबर असतो, प्रश्नच वेगळा असतो.

व्हेरियन्स समान आहेत का, यासाठी आधी लेव्हीनची टेस्ट आणि मग त्यावरून टी टेस्टचा प्रकार निवडणं, हाही असाच एक विधी. दोन गटांसाठी सरळ वेल्चची, म्हणजे समान व्हेरियन्स न मानणारी, टी टेस्ट वापरावी. व्हेरियन्स समान असले तर तिच्याने फारसं काही बिघडत नाही, आणि नसले तर ती वाचवते. आर या सॉफ्टवेअरमध्ये टी टेस्टचं फंक्शन मुळातच वेल्च चालवतं. एसपीएसएस दोन ओळी छापतं, त्यातली खालची वेल्चची. दोन विद्यार्थ्यांचा डेटा तोच असून पी वेगळा का आला, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

नमुना किती घ्यायचा हा प्रश्न टेस्टच्या निवडीनंतरचा वाटतो, पण तो आधीचा आहे. आणि इथे ३८४ या आकड्याने भल्याभल्यांना भूल घातली आहे. कुठल्याही विषयाचा प्रबंध उघडा, '३८४ जणांचा नमुना' दिसायची दाट शक्यता. हा आकडा येतो कुठून? ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक, आणि प्रमाण ५० टक्के धरलेलं: १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात दहा लाखांच्या लोकसंख्येपुढे तोच उभा आहे. त्याचा अर्थ मर्यादित आहे: रँडम नमुना घेऊन एकच टक्केवारी, पाच टक्के इकडे-तिकडे धरून, सांगायची असेल तर इतकी माणसं लागतात. दोन गटांच्या तुलनेशी, सहसंबंधाशी, रिग्रेशनशी त्याचा संबंध नाही. आणि व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म फिरवून ३८४ जण जमवले तर तो रँडम नमुनाही नव्हे.

तुलनेसाठी विचारायचं असतं ते असं: किती फरक सापडला तर तो दखल घेण्याजोगा? तो फरक प्रमाण विचलनाच्या मापात मांडला की जेकब कोहेन यांचा डी मिळतो. पीची रेषा ०.०५ आणि पॉवर (खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता) ८० टक्के धरली, तर ०.८ चा मोठा फरक पकडायला प्रत्येक गटात २६ माणसं पुरतात, ०.५ साठी ६४, आणि ०.२ साठी ३९४. फरक निम्मा झाला की माणसं साधारण चौपट लागतात, कारण सूत्रात फरकाचा वर्ग बसलेला आहे. जी-पॉवर हे फुकट सॉफ्टवेअर हे गणित दोन मिनिटांत करून देतं. अवघड काम ते डी चा आकडा ठरवणं, आणि त्यासाठी आधीचे अभ्यास वाचावेच लागतात. काम संपल्यावर, निकाल नकारार्थी आला म्हणून मागाहून 'पॉवर किती होती' हे मोजायला कुणी सांगितलं, तर त्याचा उपयोग नाही. ती मागाहूनची पॉवर म्हणजे पीचंच दुसरं रूप. पी ०.०५ च्या आसपास असेल तर ती ५० टक्क्यांच्या आसपास येणार, हे मोजण्याआधीच ठाऊक असतं. त्याऐवजी कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा, द्यावा. तो शून्याला ओलांडून दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेला असेल, तर 'फरक नाही' असं न म्हणता 'या नमुन्यावरून सांगता येत नाही' असं म्हणावं.

मग येते वीस टेस्टची गोष्ट. प्रश्नावलीत वीस प्रश्न, प्रत्येकावर मुलं विरुद्ध मुली अशी टेस्ट, आणि त्यांतली दोन 'सिग्निफिकंट' आली म्हणून चर्चेचं प्रकरण त्या दोघांभोवती विणलेलं. खरोखर कुठेच काही फरक नसेल आणि टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तरी वीसांतली किमान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. तीन गटांची आपसात तीनदा टी टेस्ट केली तरी ती १२ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून तर तीन गटांसाठी आधी अनोव्हा आणि मग जोडी-जोडीने तुलना करणारी टुकीची टेस्ट. वीस टेस्ट करायच्याच असतील तर बॉनफेरोनीच्या हिशेबाने रेषा ०.०५ भागिले २०, म्हणजे ०.००२५ वर न्यायची, किंवा थोडी सैल असलेली होल्मची पद्धत घ्यायची. पण याहून सोपी वाट म्हणजे मुख्य प्रश्न एक किंवा दोनच ठरवायचे, तेही सिनॉप्सिसमध्ये, तारखेसकट. बाकीचं सगळं 'शोधक स्वरूपाचं' म्हणून वेगळं मांडायचं. गाईड 'अजून काही काढून बघ' म्हणतात तेव्हा जे निघतं ते या दुसऱ्या टोपलीत टाकायचं. पहिल्या टोपलीत नाही.

एक चूक अशी आहे की ती चांगल्या चांगल्या प्रबंधांतही सापडते. प्रयोग-गट आणि कंट्रोल-गट, दोन्हींचं आधी आणि नंतर मोजमाप. प्रयोग-गटात आधी-नंतरचा पी ०.०३, कंट्रोल-गटात ०.०९. निष्कर्ष: 'उपाय परिणामकारक ठरला.' पण दोन गटांची एकमेकांशी तुलना झालीच कुठे? एक रेषेच्या जरा खाली, एक जरा वर. दोघांमधला फरक स्वतः नगण्य असू शकतो. इथे करायचं ते हे: नंतरचे गुण परिणाम म्हणून घ्यायचे, आधीचे गुण आणि गट ही दोन कारणं म्हणून मॉडेलमध्ये घालायची, आणि गटाच्या कोइफिशंटकडे, म्हणजे गटामुळे गुण किती बदलतात त्या आकड्याकडे, बघायचं. यालाच अॅनकोव्हा म्हणतात. ते जड वाटलं तर निदान प्रत्येकाचा फरक काढून दोन्ही गटांच्या फरकांवर एक टी टेस्ट करावी. दोन वेगवेगळ्या टेस्ट करण्यापेक्षा ही एक जास्त सांगते.

सॉफ्टवेअरवरून वाद घालण्यात अर्थ नाही. एसपीएसएस, आर, जामोवी, जास्प, कशातही टी टेस्ट टी टेस्टच असते. दोन गोष्टी मात्र जपाव्यात. मेनूतून काम करत असाल तर एसपीएसएसमध्ये 'ओके' ऐवजी 'पेस्ट' दाबा, म्हणजे केलेल्या प्रत्येक कृतीची सिंटॅक्स फाईल (लेखी आज्ञांची नोंद) तयार होते आणि सहा महिन्यांनी गाईडने 'त्या दोन मुलांना वगळून पुन्हा कर' म्हटलं की दहा मिनिटांत होतं. दुसरं, मूळ शीट हातही न लावता बाजूला ठेवायची. सगळी सफाई तिच्या प्रतीवर. आणि आर व एसपीएसएसमध्ये टू-वे (दोन कारणं एकत्र बघणाऱ्या) अनोव्हाचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. गटांत माणसं कमी-जास्त असली की वर्गबेरजेचे, म्हणजे चढउतार कारणांमध्ये वाटून देण्याचे, प्रकार वेगळे उत्तर देतात, आणि आरचं नेहमीचं फंक्शन पहिला प्रकार वापरतं, एसपीएसएस तिसरा.

निकाल लिहिताना 'टी टेस्ट सिग्निफिकंट आली' हे वाक्य वाचणाऱ्याला काहीच देत नाही. असं लिहून बघा: 'प्रयोग-गटाची सरासरी ६१.७ (प्रमाण विचलन ७.१, संख्या ३२), कंट्रोल-गटाची ५७.५ (७.४, संख्या ३२). सरासरीतला फरक ४.२ गुण, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६ ते ७.८. टी २.३२, डिग्रीज ऑफ फ्रीडम ६२, पी ०.०२४, कोहेनचा डी ०.५८.' यात फरक किती, कुठल्या मापात, आणि किती खात्रीने, हे तिन्ही आलं. पी एकटा असला तर यातलं एकही येत नाही. चारशे जणांवर ०.२ चा सहसंबंध पी ०.००१ च्या खाली नेतो आणि टेबलात सिग्निफिकंटच्या खुणेचे तारे मिळवतो, पण त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे चढउतारातला ४ टक्के वाटा. ९६ टक्के गोष्टी दुसरीकडे आहेत. तसंच एसपीएसएसने ०.००० छापलं म्हणून पी शून्य होत नाही. '०.००१ पेक्षा कमी' असं लिहायचं. लॉजिस्टिक रिग्रेशनमधला (हो-नाही अशा उत्तरांसाठीच्या) ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या 'घडलं भागिले न घडलं' यांचं गुणोत्तर, हा 'इतक्या पट शक्यता' म्हणून वाचायचा मोहही आवरावा. एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के असेल तर शक्यता दुप्पट आहे, पण ऑड्स रेशो २.६७ येतो. घटना जितकी सर्रास, तितके हे दोन आकडे एकमेकांपासून लांब जातात.

राहता राहिल्या हरवलेल्या ओळी. रिग्रेशनमध्ये आठ कॉलम घातले, प्रत्येकात इथे-तिथे ५ टक्के उत्तरं रिकामी. बहुतेक सॉफ्टवेअर ज्या ओळीत एकही जागा रिकामी आहे ती अख्खी ओळ गुपचूप वगळतात. रिकाम्या जागा विखुरलेल्या असतील तर १२० ओळींतून जेमतेम ८० उरतात. टेबल १ मध्ये संख्या १२०, टेबल ५ मध्ये ८०, आणि मजकुरात त्याबद्दल अवाक्षर नाही. व्हायव्हाला बसलेला परीक्षक आधी हेच ताडून बघतो, कारण त्यासाठी सांख्यिकी यावी लागत नाही, वजाबाकी पुरते. म्हणून प्रत्येक टेबलाखाली त्या टेबलातली संख्या लिहा. गळालेले ४० कोण होते, त्यांचं वय, लिंग, आधीचे गुण उरलेल्या ८० जणांपेक्षा वेगळे होते का, हे एका छोट्या टेबलात द्या. वेगळे निघाले, म्हणजे समजा नापास झालेल्यांनीच शेवटचे प्रश्न कोरे सोडले होते, तर रिग्रेशनचा निकाल पास झालेल्यांपुरताच आहे, आणि तसं शीर्षकापासून लिहावं लागेल.